भिंतीला भोकं एकदाच: घरच्या वर्कशॉपसाठी हत्यारांची भिंत

घरातली हत्यारं साधारण तीन ठिकाणी सापडतात: पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, माळ्यावरच्या खोक्यात आणि शेजाऱ्यांकडे. तिसऱ्यावर काही उपाय नाही. पहिल्या दोन्हींवर आहे, तो म्हणजे हत्यारं भिंतीवर आणणं. पेटीत पक्कड शोधायला गेलं की आधी करवत हाताला येते, मग वायरचं भेंडोळं, मग पटाशीची उघडी धार. भिंतीवर तीच पक्कड समोर दिसते, आणि जागेवर नसली तर तेही लगेच कळतं.

गॅलरीचा कोपरा, बंगल्यामागची खोली, पडवी किंवा गॅरेजची एक बाजू एवढी जागा आहे, थोडीफार हत्यारं जमली आहेत, पण भिंतीत ड्रिल घालायची अजून भीती वाटते, अशा माणसासाठी हे लिहिलं आहे. उदाहरणासाठी ६ फूट रुंदीची भिंत धरली आहे. तुमची चार फुटांची असेल तर आकडे त्या हिशोबाने कमी करा.

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज या पट्ट्यात काम केलेल्यांना ‘फाइव्ह एस’ (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत) आणि शॅडो बोर्ड (प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेला फळा) नवे नाहीत. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके ही जपानी नावं शॉप फ्लोअरच्या भिंतींवर लिहिलेली असतात. त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्या घरी जशाच्या तशा लागू पडतात: नको ते काढून टाका, हवं त्याला ठरलेली जागा द्या. फरक पुढे आहे. कारखान्यात एका स्टेशनवर वर्षानुवर्षं तेच काम चालतं. घरी आज नळाचा वॉशर, उद्या डगमगणारी खुर्ची, दिवाळीआधी आकाशकंदिलाचा सांगाडा. हत्यारं वाढतात, कामं बदलतात. म्हणून घरच्या भिंतीवरची जागा हलवता आली पाहिजे, आणि ती हलवताना दर वेळी नवं भोक पाडावं लागता कामा नये. पुढचं सगळं या एका अटीभोवती आहे.

पहिली पायरी: सगळं जमिनीवर

विकत काही आणू नका. आधी घरातली सगळी हत्यारं एका चादरीवर ओता आणि तीन ढीग करा. पहिला ढीग हाताला सतत लागणारा: हातोडी, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टेप, पाने, टेस्टर. दुसरा अधूनमधून लागणारा: करवत, रंधा, पटाश्या, कानशी, ड्रिल मशीन, क्लॅम्प. तिसरा वर्षातून एकदा निघणारा किंवा का ठेवला आहे ते कोणालाच आठवत नाही असा. तिसरा ढीग भिंतीवर जात नाही, तो पेटीतच बरा. गंजून जाम झालेली पक्कड भंगारात द्या.

आता वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीच्या मापाचा कागद करा, तो जमिनीवर पसरा आणि पहिले दोन ढीग त्यावर मांडून पाहा. कंबरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात रोजची हत्यारं, त्याच्या वर हलकी आणि क्वचित लागणारी, जड वस्तू खाली. हातोडी काढताना शेजारची करवत खाली यायला नको, म्हणून प्रत्येक हत्याराभोवती मूठ जाईल एवढी जागा सोडा. जमलं की फोटो काढून ठेवा. या अर्ध्या तासाने पुढची बरीच खाडाखोड वाचते.

कोणती पद्धत घ्यावी

बाजारात आणि लोकांच्या घरी चार प्रकार दिसतात.

सगळ्यात साधी फळी आणि ब्रॅकेट. डबे, बरण्या, मशीन ठेवायला उत्तम, पण सुटी हत्यारं फळीवर ठेवली की महिन्याभरात तिथेही ढीगच होतो. दुसरा भोकांचा बोर्ड, म्हणजे पेगबोर्ड. हार्डबोर्डचा असेल तर तो पातळ असतो, आकडा अडकवायला मागे पट्ट्या ठोकून पोकळी सोडावी लागते, आणि पक्कड ओढली की आकडाही हातात येतो. पत्र्याचा पेगबोर्ड पुष्कळ बरा. पाने, स्क्रूड्रायव्हर अशा हलक्या हत्यारांपुरताच विचार असेल तर तो घ्या आणि पुढचं सुतारकाम वाचवा. तिसरा प्रकार खाचांच्या उभ्या चॅनलचा, त्यात ब्रॅकेट वरखाली करता येतात. दुकानांत कपड्यांच्या मागे दिसतो तोच. फळ्यांसाठी छान, हत्यारांसाठी अर्धवट.

चौथी पद्धत फ्रेंच क्लीट, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. प्लायच्या आडव्या पट्ट्या भिंतीवर पक्क्या करायच्या. प्रत्येक पट्टीची वरची कड ४५ अंशांत तिरकी कापलेली असते. तिरकस अशी बसवायची की टोकदार बाजू तुमच्याकडे येईल आणि उतार भिंतीकडे जाईल. त्यामुळे पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये एक खाच तयार होते. हत्याराच्या धारकाच्या पाठीला अशीच पट्टी उलटी लावलेली असते, टोक खाली करून. ती खाचेत बसली की स्वतःच्या वजनाने भिंतीकडे ओढली जाते. काढायची तर वर उचलायची. स्क्रू नाही, आकडा नाही. भिंतीला पंचवीसेक भोकं एकदा पडतात. त्यानंतर धारक कुठेही सरकवा, दुसऱ्या ओळीत टाका, घर बदलताना सगळं उचलून न्या.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाला आधी विचारा. नाही म्हणाले तर जमिनीवर उभी राहणारी लाकडी चौकट करून तिच्यावर याच पट्ट्या लावा आणि चौकटीच्या खालच्या फळीवर वजन ठेवा. पुढे झुकू नये म्हणून ती वरच्या बाजूला निदान एका ठिकाणी बांधलेली हवीच.

भिंत कशाची आहे

इथे घाई करू नका. हत्यारांचं वजन पट्टी पेलत नाही, स्क्रू पेलत नाही, शेवटी भिंतच पेलते, आणि आपल्याकडच्या भिंती एकसारख्या नाहीत.

आधी बोटाच्या पेराने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. कुठे पोकळ वाजत असेल तर तिथलं प्लास्टर भिंतीपासून सुटलेलं आहे, तिथे काही टांगू नका. मग पट्टीखाली झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीच्या बिटाने एक चाचणीचं भोक पाडा आणि पडणारी भुकटी बघा. पहिले १२ ते २० मिमी करडी भुकटी येईल, ते प्लास्टर. त्याच्या मागे काय येतं ते महत्त्वाचं.

लाल भुकटी आली तर विटांची भिंत. नवशिक्यासाठी ही सगळ्यात सोयीची. हॅमरची, म्हणजे फिरताना ठोके देण्याची, सोय असलेलं साधं ड्रिल मशीन पुरतं. प्लास्टरच्या मागेही भुकटी करडीच राहिली आणि बिट लोण्यात शिरावा तसा आत गेला तर तुम्ही दोन विटांमधल्या दरजेत आहात. दोन इंच बाजूला सरका, विटेत पकड जास्त मिळते.

पांढुरकी, मऊ, हलकी भुकटी म्हणजे एएसी ब्लॉक, ज्यांना पुण्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. हे ब्लॉक हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेले असतात, म्हणून हलके आणि ठिसूळ. इथे हॅमर बंद ठेवून नुसतं फिरतं ड्रिल वापरा, नाहीतर भोक मोठं आणि वेडंवाकडं होतं. साधा प्लास्टिकचा फिशर (भोकात घालून स्क्रू धरणारी नळी) यात गरगर फिरतो. एएसीसाठी मिळणारे लांब नायलॉनचे फिशर मागा, १०० मिमी लांबीचे. जिथे शक्य आहे तिथे पट्टीची टोकं आरसीसीच्या कॉलममध्ये घ्या.

भुकटी शेवटपर्यंत करडी, बिट तापतोय आणि पुढे जात नाही, असं झालं तर भिंत काँक्रीटची आहे. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, लोक ज्यांना मायवान म्हणतात त्या नव्या इमारतींमध्ये खोल्यांच्या भिंतीही अशाच असतात. पकड उत्तम मिळते, पण साध्या ड्रिलने हात भरून येतात. एसडीएस बिटाचं रोटरी हॅमर एक दिवस भाड्याने आणा. बिट अचानक अडला आणि धातूचा आवाज आला तर आत सळई आहे. जोर लावू नका, इंचभर सरका.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या भिंतीत वेगळा प्रश्न आहे. चिरा ड्रिलला मऊ लागतो, पण त्यात नैसर्गिक पोकळ्या असतात. एक भोक घट्ट, शेजारचं खुळखुळं. इथे १० मिमीचा लांब फिशर घ्या, आणि जे भोक खुळखुळं निघेल ते सोडून शेजारी दुसरं पाडा. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीत मी फिशर सुचवणार नाही. तिथे जमिनीवरची चौकटच.

शेवटी ओल. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर सगळ्यात जास्त होतो. रंगाचे पोपडे, पांढरी बुरशी किंवा मिठासारखा थर दिसत असेल तर दुसरी भिंत निवडा. दोन खोल्यांमधली आतली भिंत मिळाली तर उत्तम.

वायर आणि पाइप

आपल्याकडे वायरिंग प्लास्टरच्या आड पाइपातून जातं आणि ते सहसा स्विचबोर्डपासून सरळ वर, नाहीतर सरळ खाली उतरतं. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या आणि सॉकेटच्या वर-खाली, बोर्डाच्या रुंदीहून थोडा जास्त असा उभा पट्टा खडूने आखा आणि त्यात भोक पाडू नका. दोन बोर्ड एकाच उंचीवर असतील तर त्यांच्यामधला आडवा पट्टाही संशयित धरा. भिंतीच्या पलीकडे बाथरूम किंवा स्वयंपाकघराचं सिंक असेल तर पाण्याच्या पाइपांचा अंदाज घ्या. नळ कुठे आहेत ते पलीकडे जाऊन टेपने मोजून या बाजूला खूण करा.

भोकं पाडताना त्या भिंतीतल्या वायरिंगचा एमसीबी पाडून ठेवा आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनने वीज घ्या. सोसायटीत राहत असाल तर ड्रिलच्या वेळा आधी विचारून घ्या. दुपारच्या झोपेच्या वेळी हॅमर सुरू केला की वरच्या मजल्यावरचे काका खाली येतातच.

सामान

१९ मिमीचा, म्हणजे सुतारांच्या भाषेत सहा सुती, ८ बाय ४ फुटांचा एक प्लाय पुरतो. खोली कोरडी असेल तर आयएस ३०३ चा साधा प्लाय चालेल. गॅलरीत पावसाचे शिंतोडे येत असतील तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, शिक्का प्लायवरच छापलेला बघा. दुकानात कापलेली कड नीट बघा. थरांच्या मध्ये फटी आणि पोकळ्या दिसल्या तर तो प्लाय नको, कारण आपल्याला त्याच्या कडांवरच वजन टांगायचं आहे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ स्वस्त पडतात, पण तिरकस कापलेली कड त्यांच्यात तुटते.

याशिवाय ८ मिमीचे फिशर (दुकानात गिट्टी म्हटलं तरी कळतं), तीन इंची १० नंबरचे स्क्रू, धारक जोडायला दीड इंची स्क्रू, ८ मिमीचा काँक्रीटचा बिट, लाकडासाठी ५ मिमीचा बिट आणि काउंटरसिंक, फेव्हिकॉल, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, सीलर किंवा ऑइल पेंट. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क. ही दोन्ही यादीत शेवटी आली तरी वापरायची पहिल्या भोकापासून.

लांबीचा हिशोब समजून घ्या, म्हणजे दुकानदार जे देईल ते घ्यावं लागणार नाही. स्क्रू तीन इंच, म्हणजे ७५ मिमी. त्यातले १९ प्लायमध्ये गेले, १५ च्या आसपास प्लास्टरमध्ये, उरले चाळीसेक मिमी विटेत. खरी पकड त्या चाळीसची. दोन इंची स्क्रू घेतला तर विटेत जेमतेम पंधरा उरतात, आणि अशा भिंती मग एखाद्या रात्री आवाज करून खाली येतात.

कापणी

६ फूट लांबीच्या, सुमारे ६ इंच रुंदीच्या आठ पट्ट्या प्लायच्या लांबीच्या दिशेने काढायच्या. पात्याची जाडी वजा जात असल्याने शेवटची किंचित अरुंद निघते, हरकत नाही. मग प्रत्येक पट्टी मधोमध, पातं ४५ अंशांत कलतं करून चिरायची. एका पट्टीच्या दोन क्लीट होतात, एकूण सोळा, प्रत्येक सुमारे ३ इंचांची. त्यातल्या पाच भिंतीवर जातील, बाकीच्या अकरा धारकांच्या पाठीला. प्लायचा उरलेला २ बाय ४ फुटांचा तुकडा धारकांच्या अंगाला आणि छोट्या फळ्यांना येतो.

टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) नसेल तर हे काम घरी करू नका. वखारीत किंवा फर्निचरच्या कारखान्यात माप कागदावर काढून द्या, तासाभरात होतं. सांगताना ‘४५ ची चीर’ आणि ‘सगळ्या सारख्या मापाच्या’ हे दोन्ही सांगा, कारण एक पट्टी ४५ ची आणि दुसरी ४० ची झाली तर धारक सगळीकडे बसणार नाहीत. मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम उरकणारे पुष्कळ दिसतात. नवख्याने ते टाळावं. आणि अँगल ग्राइंडरला दात्यांचं लाकडाचं पातं तर कोणीच, कधीच लावू नये. ते अडकलं की मशीन हातातून उसळतं, आणि त्याचा वेग लाकडाच्या पात्याला झेपणारा नसतो.

पट्ट्या घरी आल्या की कडांवरचे कुसळ पॉलिश पेपरने काढा. तिरकस कडेचं अगदी धारदार टोक दोन हात मारून बोथट करा, नाहीतर ते तुटत राहतं. मग सीलर किंवा रंगाचे दोन हात द्या, भिंतीला टेकणाऱ्या बाजूलाही. त्याच बाजूने ओल आणि वाळवी आत येते.

पट्ट्या बसवणं

कामाचं टेबल सहसा ३४ ते ३६ इंच उंच असतं. पहिल्या पट्टीची खालची कड जमिनीपासून ४२ इंचांवर धरा. पट्टी ३ इंच, मग ४ इंच मोकळी जागा, मग पुढची पट्टी. पाच पट्ट्या ७३ इंचांवर, म्हणजे सहा फुटांच्या किंचित वर संपतात. मधली जागा ४ इंचांपेक्षा कमी करू नका. धारकाच्या पाठीची पट्टी ३ इंचांची आहे आणि ती खाचेत सोडताना पाऊण इंच वर उचलावी लागते. जागा कमी पडली तर ती वरच्या पट्टीला अडते.

फरशीवरून मोजून पट्ट्या लावू नका, फरशीला अनेकदा उतार दिलेला असतो, गॅलरीत तर हमखास. पहिली रेघ लेव्हलने मारा. लेव्हल लहान असेल तर गवंड्यांची पाण्याची नळी वापरा: पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे जाऊ द्या, दोन्ही टोकांचं पाणी थांबलं की दोन्हीकडे खूण. सहा फुटांवर याच्याइतकी अचूक आणि स्वस्त गोष्ट दुसरी नाही. बाकीच्या रेघा पहिल्या रेघेपासून मोजा.

प्रत्येक पट्टीत पाच भोकं: दोन्ही टोकांपासून ३ इंचांवर एकेक, आणि मधली साधारण साडेसोळा इंचांच्या अंतराने. भोक पट्टीच्या रुंदीच्या मध्यावर घ्या, तिरक्या कडेजवळ नको. ५ मिमीचा बिट आरपार, मग स्क्रूचं डोकं बुडेल एवढं काउंटरसिंक. पट्टी रेघेवर धरून (इथे दुसरा माणूस लागतो) मधल्या भोकातून भिंतीवर खूण करा आणि ते एकच भोक भिंतीत पाडा. फिशर घालून स्क्रू अर्धवट आवळा, लेव्हल पुन्हा बघा, मग बाकीच्या खुणा करा. पाचही खुणा आधी करून एकदम भोकं पाडली तर ड्रिल दोन-तीन मिमी सरकतोच आणि शेवटचा स्क्रू बसत नाही.

भिंतीतलं भोक ६० ते ६५ मिमी खोल हवं. बिटावर तेवढ्यावर टेप गुंडाळा. बिट भिंतीला काटकोनात धरा, सुरुवात हळू, प्लास्टर फुटू नये म्हणून पहिला सेंटिमीटर हॅमरशिवाय. भुकटी झेलायला भोकाखाली कागदाचं पाकीट टेपने चिकटवा. भोक झालं की आतली भुकटी फुंकणीने काढा, तोंडाने नको, सगळी डोळ्यांत येते. ४० मिमीचा फिशर प्लास्टरशी सपाट न ठेवता एखाद्या खिळ्याने आणखी पंधरा मिमी आत सारा, म्हणजे तो पूर्ण विटेत बसेल. प्लास्टरमध्ये फुगलेला फिशर प्लास्टरच फोडतो. फिशर हाताने सहज सरकत असेल तर भोक मोठं झालं आहे. काडेपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेण्यापेक्षा १० मिमीचा फिशर आणि जाडसर स्क्रू घ्या. चुकलेली भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवा.

पाचही पट्ट्या लागल्या की रिकाम्या भिंतीची परीक्षा घ्या. एक धारक (तो कसा करायचा ते पुढे आहे) कोणत्याही पट्टीवर अडकवून त्याला २० लिटरची भरलेली बादली दोरीने टांगा, जमिनीपासून दोन बोटं वर. हे २० किलो झाले, एका धारकावर तुम्ही कधी ठेवाल त्याहून जास्त. रात्रभर राहू द्या. सकाळी पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये फट दिसली तर ती पट्टी पुन्हा बसवा.

धारक

खरी मजा इथे आहे, आणि इथे चुकलं तरी भिंतीला काही होत नाही.

प्रत्येक धारकाचा सांगाडा एकच: पाठीला क्लीटचा तुकडा, टोक खाली, आणि त्याच्या खाली तेवढ्याच जाडीचा, १९ मिमीचा, एक आधाराचा तुकडा. आधार विसरलात तर धारक खालच्या बाजूने भिंतीकडे झुकतो आणि त्यावरचं सगळं घसरतं. क्लीट फेव्हिकॉल आणि दीड इंची स्क्रू दोन्हींनी जोडा.

स्क्रूड्रायव्हरसाठी ३ इंच खोलीची आडवी पट्टी, तिच्यात मुठीपेक्षा लहान भोकं. नुसती भोकं केली तर प्रत्येक वेळी स्क्रूड्रायव्हर पूर्ण वर उचलावा लागतो, म्हणून प्रत्येक भोकाला समोरून दांडी जाईल एवढी फट द्या. पटाशीसाठी भोकाऐवजी समोरून उघडी खाच करा आणि पाती खालच्या बाजूने प्लायच्या पातळ तुकड्याने झाका, घरात मुलं असतील तर हे ऐच्छिक नाही. हातोडीला दोन दांड्या पुरतात, दांड्यांमधलं अंतर दांडा जाईल आणि डोकं अडेल एवढं. करवत मुठीत टांगावी: मुठीच्या आतल्या पोकळीच्या आकाराचा प्लायचा तुकडा आणि त्यावर फिरणारी छोटी आडवी पट्टी. पाने मापाच्या क्रमाने, तिरक्या ठोकलेल्या खिळ्यांवर, खाली आकडा रंगवून. रंधा उभा टांगू नका. त्याला किंचित कलती फळी द्या, खालच्या कडेला ओठ, आणि पातं टेकू नये म्हणून तळाला एक पातळ पट्टी.

ड्रिल मशीनसाठी ८ इंच खोलीची फळी आणि तिच्यात समोरून उघडी खाच, बिटाच्या टोकाकडून आत सरकेल अशी. मशीनचं चक मोजून खाच त्याहून अर्धा इंच मोठी ठेवा. चार्जर वर ठेवणार असाल तर वायरला मागून वाट सोडा.

स्क्रू, चुका, वॉशर यांच्यासाठी बरण्यांची झाकणं फळीच्या खालून दोन-दोन स्क्रूंनी पक्की करून बरणी फिरवून लावायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. ती चांगली आहे, फक्त बरण्या प्लॅस्टिकच्या घ्या आणि एकाच मापाच्या.

एकदम सगळे धारक करू नका. पहिल्या ढिगातल्या हत्यारांचे करा आणि काही आठवडे वापरून बघा. कोणतं हत्यार सारखं टेबलावरच राहतं ते दिसेल. त्याचा धारक एकतर दूर आहे किंवा त्यात हत्यार ठेवणं किचकट आहे. शॅडो बोर्डसारख्या बाह्यरेषा रंगवायच्याच असतील तर त्या धारकावर रंगवा, भिंतीवर नको, म्हणजे धारक हलला तरी रेघ त्याच्याबरोबर जाते.

फळ्या आणि वजनाचं गणित

फळी किती वजन घेईल हे तिच्या जाडीपेक्षा ब्रॅकेटच्या उंचीवर ठरतं. १२ इंच खोल फळीवर २० किलो सामान पसरलं, तर त्याचा भार भिंतीपासून सरासरी ६ इंचांवर पडतो. ब्रॅकेटचा उभा हात १० इंचांचा असेल तर वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारा जोर साधारण १२ किलोंचा. तोच हात ३ इंचांचा असेल तर ४० किलोंचा. फळी तीच, सामान तेच. म्हणून क्लीटवर अडकणाऱ्या फळीचे ब्रॅकेट उंच ठेवा, निदान फळीच्या खोलीइतके. आणि खोली कमी ठेवा. वर्कशॉपमध्ये ८-९ इंचांपेक्षा खोल फळीवर मागे जे जातं ते दिसत नाही. १९ मिमीच्या प्लायला अडीच फुटांपेक्षा लांब अंतर बिनआधाराचं सोडू नका, मधे पोट येतं.

काही गोष्टी भिंतीवर नकोतच. थिनर, टर्पेंटाइन, रंगाचे डबे खाली, बंद कपाटात, सॉकेटपासून दूर. बेंच ग्राइंडरसारखी जड मशीन टेबलावर. डोक्याच्या वरच्या ओळीत धारदार काहीच नको.

पावसाळ्याची तयारी

मे महिन्याच्या शेवटी एक दुपार याला द्या. सगळे धारक उतरवा, पट्ट्यांचे स्क्रू एकेक आवळून बघा. फिरतच राहणारा स्क्रू म्हणजे फिशर सैल झाला, तो काढून भोक साफ करून मोठा फिशर घाला. पट्ट्यांच्या खाचेत भुसा साचतो, आणि भुसा ओल धरतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. प्लायच्या खालच्या कडेला मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आली आहे. पट्टी उतरवून भिंतीवरच उपचार करा, नुसत्या नळ्या पुसून उपयोग नाही.

पोलादी हत्यारांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, अगदी पातळ, मऊ कापडाने. करवतीचं पातं, पटाशी, रंध्याचा तळ, काटकोन यांना विशेषतः, कारण गंज आधी तिथेच दिसतो. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेमुळे हे दर महिन्याला करावं लागतं, देशावर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि मध्यावर केलं तरी भागतं. लाकडावर काम करण्याआधी मात्र हे तेल पुसून घ्या, नाहीतर डाग उतरतो आणि त्यावर पॉलिश धरत नाही.